लिंबावरचं सोयर

आमच्या घरात कुणालाच कुजबुजता येत नव्हतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सारं आयुष्य शोभेच्या दारूत गेलेलं आणि त्या धंद्यात त्यांचे कान केव्हाच कामी आले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून आई मोठ्यानं बोलायची, आईचा आवाज चढला की गोठ्यातली म्हैस हंबरायची, आणि म्हशीच्या वर आपला आवाज जावा म्हणून आम्ही भावंडं किंचाळायचो. एका बहिणीनं दुसरीला गुपित सांगायचं ठरवलं तर ते आधी शेजारच्या वस्तीला कळायचं. नव्या पाहुण्याला वाटायचं, इथं भांडण पेटलंय. आम्ही फक्त मीठ मागत असायचो. आज माझी सून मला “आई, जरा हळू” म्हणते तेव्हा मी गप्प बसते. पण मनात म्हणते, बाई, तू अण्णांना ऐकलं नाहीस म्हणून बरं.

तेरखेड्याच्या फटाक्यांचं नाव सगळीकडं आहे. आमची वाडी त्याच बाजूची, पण तिचं नाव एसटीच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. अण्णांचा कारखाना म्हणजे शेताच्या टोकाला पत्र्याची एक लांबट खोली. घर या टोकाला, कारखाना त्या टोकाला, मधे मोकळं रान आणि त्या रानात विस्तवाला बंदी. काडेपेटी आईच्या कमरेच्या पिशवीत असायची. नायलॉनची साडी नेसून कुणी कारखान्याकडं फिरकलं तर अण्णा तिला बांधावरूनच परत पाठवायचे आणि बिडी ओढणारे पाहुणे आमच्याकडं पाण्यापुरते थांबायचे. उन्हाळ्यात सकाळी आंबील, दुपारी ज्वारीची भाकरी, उडदाचं घुटं आणि शेंगाची चटणी. जेवायला बसण्याआधी अण्णा राखेनं हात घासून घासून लाल करायचे, तरी त्यांनी मोडून दिलेल्या भाकरीच्या तुकड्याला गंधकाचा वास यायचाच. मला अजून कुठं तो वास आला की भूक लागते. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं.

कारखान्यात अण्णांचं चालायचं, घरात मात्र हुकूम भागाआत्याचा. ही अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि वाडीची सुईण झाली. वाडीतले निम्मे लोक तिच्याच हातावर जन्मलेले. त्यामुळं मिशा पिळणाऱ्या माणसालाही ती चारचौघांत सांगायची, “तू गप. तू पायाळू आलतास, तुज्या आईचा जीव खाल्लास.” अशा बाईशी वाद कोण घालणार? बाळंतपण, ओटी, पाचवी, बारसं आणि मूल जन्मलं की घराला लागणारं सोयर, या सगळ्या खात्यांत तिचा शब्द अखेरचा. ज्या घराला सोयर लागलं त्यानं देवाला शिवायचं नाही, पालखीला खांदा द्यायचा नाही, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नसे. पण ते किती दिवस आणि कुणाकुणाला लागतं, हे मात्र लोक आत्याला विचारायला येत.

वैशाखात भैरोबाची जत्रा भरायची. दिवस मावळता मावळता पालखी देवळाकडं परतायची, आमच्या रानाच्या कडेला जुन्या कडुलिंबापाशी थांबायची आणि अण्णा पहिली वात पेटवायचे. तो आमच्या घराचा मान. माझ्या पणज्यापासून चालत आलेला. त्या लिंबाच्या आडव्या फांदीला दारूच्या नळ्या ओळीनं बांधलेल्या असायच्या. वात पेटली की वरून खालपर्यंत ठिणग्यांचं पांढरंशुभ्र पाणी कोसळायचं. त्याला धबधबा म्हणायचे. धबधबा विझला की सुतळी बाँबची माळ. पोरं कानात बोटं घालायची, म्हातारे हात जोडायचे आणि अण्णा, ज्यांना त्यातलं निम्मंही ऐकू येत नसे, छाती पुढं काढून उभे असायचे. वर्षभर कारखान्यात वाकून काम करणारा माणूस त्या एका संध्याकाळी ताठ दिसायचा. वाडीत दुसरे फटाकेवाले निवृत्ती उस्ताद होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या मानाकडं डोळे लावून बसण्यात चाललं होतं.

माझी दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आमच्याकडं एक मॅडम आल्या. उस्मानाबादच्या कॉलेजातल्या, धाराशिवला तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणत होतो. वैदेही मॅडम त्यांचं नाव. अंगात पँट, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण. त्या गावोगाव फिरून ढोली असलेली जुनी झाडं बघत होत्या. आमच्या रानात एक राखाडी, लांब शेपटाचा पक्षी यायचा, भलीमोठी वाकडी चोच आणि चोचीवर छोटं शिंग. आम्ही त्याला चोच्या म्हणायचो. मॅडम म्हणाल्या, हा धनेश. याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, म्हाताऱ्या झाडाची आयती ढोली लागते. म्हातारी झाडं तुटत चालली, म्हणून हाही कमी होत चालला. आणि आमच्या लिंबाच्या त्याच आडव्या फांदीच्या बुडाशी, धबधब्याच्या बरोबर मागं, त्यांना धनेशाची ढोली सापडली होती.

मॅडमचा आवाज अगदी हळू. पाखरं बघणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्यांनी अण्णांना नम्रपणे विनंती केली, की पिल्लं बाहेर पडेपर्यंत या झाडाला धबधबा बांधू नका आणि जवळ बाँब लावू नका. अण्णा हसून म्हणाले, “व्हय व्हय, जेवून जावा.” मॅडमना वाटलं काम झालं. त्या आनंदानं आईच्या हातचं घुटं दोनदा वाढून घेत होत्या, तेवढ्यात आईनं मॅडमचं म्हणणं आमच्या घरच्या आवाजात अण्णांना सांगितलं आणि अण्णांचा घास हातातच राहिला.

“पाखराला दुसरं झाड न्हाय का?” अण्णांनी विचारलं.

“नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “एवढी जुनी ढोली जवळपास कुठंच नाही.”

“मग मला बी न्हाय,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी मॅडमच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पाहुणचारात आमच्याकडं काही कमी नव्हतं, पण मानाच्या गोष्टीत अण्णा इंचभर हलणारे नव्हते.

मी मॅडमच्या मागं मागं फिरत होते. त्यांनी मला दुर्बिणीतून दाखवलं. ढोलीचं तोंड मातीसारख्या कशानं तरी लिंपून बंद केलेलं, मधे फक्त एक उभी फट. नर यायचा, खोडाला बिलगून बसायचा आणि गळ्यातून पिंपळाचं एकेक फळ वर काढून त्या फटीत द्यायचा. आतून एक चोच यायची, फळ घ्यायची, परत जायची. आत मादी होती. अंडी घालायच्या आधी ती स्वतःच आत जाते, विष्ठेनं आणि चिखलानं दार लिंपून घेते, आतच पिसं गाळते, आणि महिना-दोन महिने नवऱ्याच्या जिवावर बसून राहते. मला ती बाई फार आवडली. मॅडमनी अण्णांना आणखी दोनदा विनवलं, अण्णांनी त्यांना आणखी दोनदा जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की हे काम विनवण्यांनी होणारं नाही, याला आत्याच पाहिजे. आत्या म्हणजे आमच्या घरातला सुतळी बाँब. फक्त वात नीट लावता आली पाहिजे.

मी आत्यापाशी जाऊन बसले आणि चेहरा शक्य तितका दीनवाणा करून म्हणाले, “आत्या, आपल्या लिंबावर एकीला नवऱ्यानं कोंडून घातलंय. दार लिंपून टाकलंय. निस्ती चोच भायेर येती.” खरं काय ते मला ठाऊक होतं. पण खऱ्या गोष्टीनं आत्या एवढ्या उन्हात उठली नसती.

आत्या उठली. काठी घेऊन तडक लिंबाखाली आली आणि शिडी मागू लागली. “पोरीला चिणून घातलंय, आन् तुमी दुर्बीण लावून बघत बसलाव?” मॅडम घाबरल्या. त्यांनी आत्याचा हात धरला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. सगळं सांगितलं: तिला कुणी कोंडलेलं नाही, तिनंच दार लावलंय, दार फोडलं तर अंडी गेली, पिसं झडली असतील तर तीही गेली. आत्यानं ऐकून घेतलं. वर ढोलीकडं बघितलं. तेवढ्यात नर येऊन फळ देऊन गेला. आत्या काठी टेकून खाली बसली आणि म्हणाली, “मग आसं म्हणा की बाळंतीण हाय.”

त्या क्षणापासून लिंबाचा ताबा आत्याकडं गेला. बाळंतिणीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा असतो. तो तिनं लिंबालाच बांधायला लावला आणि डहाळा आणायला मला दुसऱ्या लिंबावर चढवलं, कारण बाळंतिणीच्या खोलीचाच वासा मोडून दाराला लावत नाहीत म्हणे. झाडाखाली मोठ्यानं बोलायचं नाही. चपला घालून यायचं नाही. धूर नाही, आवाज नाही, परक्या माणसाची नजर नाही. मॅडमची दुर्बीणसुद्धा तिनं आधी परक्या नजरेतच धरली होती, पण मॅडम डॉक्टरीणबाईसारख्याच हे मी पटवून दिलं. वाडीतल्या बायका डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी बुंध्याशी ठेवून जाऊ लागल्या. ते सगळं शेजारच्यांची शेळी खायची. त्या वर्षी ती शेळी एवढी बाळसेदार झाली की लोक तिच्याकडं बघायला येत. मॅडमना गावोगाव सभा घेऊन जे जमलं नव्हतं ते इथं एका दुपारात झालं होतं.

मी स्वतःवर भलतीच खूश होते. ती खुशी संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी अण्णा कारखान्यातून आले, डहाळा बघितला आणि हसत म्हणाले, बरं, बाँब लांब लावू, पण धबधब्याचं काय? तर आत्या शांतपणे म्हणाली, की धबधब्याचं आता विचारायचंच नाही. यंदा पहिली वात तुला पेटवता येणार नाही. सोयर आहे.

अण्णांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. आत्यानं पुन्हा सांगितलं.

“आक्का, पाखराचं कसलं आलंय सोयर?”

“बाळंतीण कुणाच्या रानात हाय? झाड कुणाच्या आज्यानं लावलंय? मग सोयर काय निवृत्तीला लागंल?”

आई मधे पडली. म्हणाली, अजून अंड्यातनं बाहेर आलं की नाही ते तरी कुठं कळलंय. त्यावर आत्यानं हिशेब मांडला. दार बंद आहे, आत काय झालंय कुणाला दिसत नाही. झालं असेल तर? देवाच्या दारात अशी शंका घेऊन जाता येत नाही. जन्म कधी झाला ते कळलं तर त्या दिवसापासून सोयर मोजता येईल, फिटेल तेव्हा फिटेल. कळलं नाही, तर शंका तशीच, आणि शंका आहे तोवर पालखीला हात लावायचा नाही. सुनेच्या बाळंतपणाचं सोयर दहा दिवसांचं. आणि जत्रेला तेवढे दिवसही उरले नव्हते.

बातमी अंधार पडायच्या आत निवृत्ती उस्तादांपर्यंत गेली. आयुष्यात कधी आत्याशी त्यांचं पटलं नव्हतं, पण ते मुद्दाम आमच्या अंगणात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आक्काचा शब्द म्हंजी शब्द. यंदा वात म्या लावतो. देवाचं काम अडून राहू नये.” म्हणताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मान एकदा दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि अण्णांनाही.

अण्णा त्या रात्री जेवताना काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून आईला ओरडावं लागलं नाही, आई ओरडली नाही म्हणून म्हैस गप्प राहिली, आणि आमच्या घरात पहिल्यांदाच भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला. मला तो अजिबात आवडला नाही. अण्णा माझे फार लाडके होते. मला पक्षी वाचवायचा होता, पण त्यासाठी अण्णांना वाकलेलं बघायची माझी तयारी नव्हती. मला दोन्ही पाहिजे होतं. त्या वयात माणसाला दोन्ही पाहिजे असतं, आणि खरं सांगायचं तर या वयातही तसंच आहे.

सकाळी उठून मी मॅडमना गाठलं आणि ती मादी याच झाडावर का आली ते विचारलं. त्या म्हणाल्या, हे पक्षी बहुधा वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येतात. ढोलीच्या कडेचं जुनं लिंपण बघता ही आधीही इथं येऊन गेली असावी. मला तेवढंच पुरे होतं. आत्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडू लागले आणि जरा वेळानं सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्या, ती आपली सून आहे की लेक?

आत्याचा हात थांबला.

मी म्हणाले, सून असती तर नवऱ्याच्या घरी बाळंत झाली असती. नवरा तर नुसता येतो-जातो, त्याचं इथं घर कुठं आहे? ही दरसाल बाळंतपणाला आपल्याच झाडावर येते. स्वतः आत जाऊन हक्कानं दार लावून घेते. असं सासरी कोण करतं?

आत्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मी कशासाठी विचारते आहे हे तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, अशी माझी आता खात्री आहे. पण खात्यातला प्रश्न खात्याच्या रीतीनं विचारला होता, आणि अशा प्रश्नाला ती नेहमी नीट उत्तर द्यायची. “माहेराला आलीय म्हंतीस?” ती म्हणाली. “मग लेकच की.” आणि माहेरी आलेल्या लेकीच्या बाळंतपणाचं आई-बापाला सोयर तीन दिवसांचं.

आता एकच राहिलं: जन्म कधी झाला ते कळायला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, अंडी फुटली की नर नुसत्या फळांवर भागवत नाही. पिल्लांसाठी किडे, टोळ, सरडे आणायला लागतो. बहुतेक. आत्या म्हणाली, बाळंतपणात बहुतेक चालत नाही. शेवटी असं ठरलं, की नरानं पहिला सरडा ढोलीत दिला की पिल्लू जन्मलं असं धरायचं. निवृत्ती उस्तादांनीही मान्य केलं, पण सरडा आपल्या डोळ्यांनी बघितला पाहिजे अशी अट घातली. आमच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर तर मुळीच नव्हता.

मग वाडीनं जे दृश्य बघितलं ते पुन्हा कुणाला बघायला मिळणार नाही. लिंबापासून जरा लांब, चिंचेच्या सावलीत दोन बाजा टाकल्या. एका बाजेवर अण्णा, दुसरीवर निवृत्ती उस्ताद. एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे दोन फटाकेवाले सकाळपासून एका ढोलीकडं टक लावून बसलेले. मधे दुर्बीण. ती आळीपाळीनं घ्यायची. आत्याची सक्त ताकीद होती, की बाळंतिणीपाशी आवाज नको. अण्णांना हळू बोलणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा “आला का?” असं हळूच विचारलं तेव्हा लिंबावरचे सगळे कावळे उडाले. आत्यानं काठी उगारली. मग मॅडमनी त्यांना शिकवलं: घशातून आवाज काढायचाच नाही, नुसता श्वास सोडायचा. साठीकडं झुकलेला माझा बाप बाजेवर बसून नुसत्या श्वासानं बोलायचा सराव करत होता. निवृत्ती उस्ताद त्याला हसले, पण त्यांनाही जमत नव्हतं.

दिवस जात होते आणि नर पिंपळाची फळं आणत होता. उंबरं आणत होता. सरडा काही आणत नव्हता. अण्णांना आता त्याच्या उडण्याची लकब लांबूनच कळायची. दोन-चार फडफडी मारून तो तरंगत यायचा, की अण्णा माझा हात दाबायचे. एकदा मी धीर सोडून ओरडलेच, “सरडा, सरडा!” निवृत्ती उस्तादांनी दुर्बीण हिसकली, पण पक्षी उडून गेला होता. त्यांनी मॅडमना विचारलं. मी मॅडमकडं जेवढं केविलवाणं बघता येईल तेवढं बघितलं. मॅडम म्हणाल्या, “नाही. उंबर होतं.” विज्ञान शिकलेल्या माणसाचा हा मोठा दोष, त्यांना कितीदा घुटं जेवू घातलं तरी उपयोग नाही.

शेवटची सकाळ उजाडली. त्या दिवशी सरडा आला तरच सोयर जत्रेच्या आधी फिटणार होतं. ऊन चढलं. आई भाकरी घेऊन आली, कुणी हात लावला नाही. निवृत्ती उस्तादांनी फांदीकडं बघत, यंदा धबधबा कुठून कुठवर बांधायचा याचा अंदाज घ्यायला सुरुवात केली होती. आणि तेवढ्यात नर आला. चोचीत काहीतरी लोंबत होतं. त्याला शेपूट होतं.

अण्णांनी सगळी शिकवण विसरून जी आरोळी ठोकली ती तेरखेड्यापर्यंत गेली असेल. नर दचकला, सरडा चोचीतून खाली पडला, आणि नर उडून गेला.

निवृत्ती उस्ताद हळूच म्हणाले, की सरडा आत गेलेला नाही. ठरलं होतं ते आत दिल्याचं. आत्यानंही मान डोलावली, कारण ठरलं तसंच होतं. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ते बाजेवर उताणे पडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला इतकं रडू येत होतं की मी सरड्याकडंच बघत राहिले. तो मेला नव्हता. तो उठला, दोनदा मान हलवली आणि बुंध्याशी ठेवलेल्या शेपूच्या भाजीतून चालता झाला. सगळी दुपार आम्ही दगडासारखे बसून राहिलो. निवृत्ती उस्तादही उठून गेले नाहीत. त्यांना जायला काही हरकत नव्हती. ऊन कलायला लागलं तेव्हा तो परत आला. या वेळी दुर्बीण उस्तादांच्या डोळ्याला होती. आम्हाला लांबून नुसतं लोंबतं काळं दिसलं. नर खोडाला बिलगला, मान पुढं केली. उस्तादांनी दुर्बीण खाली घेतली, अण्णांकडं बघितलं आणि चक्क नुसत्या श्वासानं म्हणाले, “गेला सरडा आत. झाली बाळंत तुजी लेक.”

आता यावर सगळं मिटायला हवं होतं, पण खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. सोयर फिटलं, मान परत आला, आणि अण्णांना कुणी अडवू शकत नव्हतं. आत्याच्या नियमानं देवाचं काम मोकळं झालं होतं. पणज्यापासून धबधबा त्याच फांदीला बांधला जायचा, आणि वाडी तो तिथंच बघायला येणार होती. मॅडम मला विचारत होत्या, आता गं? माझ्याकडं युक्ती उरली नव्हती. जत्रेच्या दिवशी सकाळी अण्णा नळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन लिंबाकडं निघाले तेव्हा मी त्यांच्या मागं धावले. लिंबाशी ते थांबले. वर बघितलं. मग पाटी घेऊन तसेच पुढं गेले, देवळाच्या पलीकडं, पार ओढ्याच्या काठापर्यंत. तिथं दोन उंच बल्ल्या आधीच रोवलेल्या होत्या आणि दुसऱ्या बल्लीला आधार द्यायला निवृत्ती उस्ताद उभे होते.

संध्याकाळी पालखी लिंबापाशी थांबली, तेव्हा अण्णांनी पालखीला हात जोडले आणि भोई लोकांना पुढं चालायची खूण केली. लोकांत कुरबुर सुरू झाली. एक म्हातारा चिडून म्हणाला, पिढ्यानपिढ्यांची जागा सोडली, हे काय चाललंय? बाँबची माळ कुठंय? अण्णांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू तो वेडाच आहे.

“लेकीच्या दारात बाँब कोण लावतं?” ते म्हणाले.

म्हातारा पालखीच्या मागं चालू लागला. वाडीत प्रत्येकाची कुठं ना कुठं एक लेक होतीच. त्या वर्षीचा धबधबा ओढ्याच्या पाण्यात प्रतिबिंब पडून दुसऱ्यांदा कोसळला, आणि तसा तो आम्ही कुणी आधी बघितला नव्हता. तेव्हापासून तो तिथंच असतो.

पावसाच्या तोंडाला मादी दार फोडून बाहेर आली. अंगावरची पिसं नवी, पण चालणं अवघडलेलं. आत्यानं खालूनच तिची ओटी भरली. आणि आतल्या पिल्लांनी काय करावं, तर आई बाहेर पडल्या पडल्या दार पुन्हा लिंपून घेतलं. आत्या कितीतरी दिवस येईल त्याला ते सांगत होती. एवढी बाळंतपणं केली पण असली शहाणी पोरं बघितली नाहीत म्हणे. अण्णा बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. दारूचा धूर गेला डोळ्यात, असं म्हणाले. कारखाना त्या दिवशी बंद होता.

आता अण्णा नाहीत, आत्या नाही. मॅडम कॉलेजातून निवृत्त झाल्या, पण त्यांचे विद्यार्थी येतात, ढोल्या बघतात, ढोली नसलेल्या झाडांवर लाकडी खोकी बसवून बघतात. त्यांनी आमच्या वाडीसारखी ढोल्या जपणारी आणखी गावं तयार केली आहेत. ते लोकांना पुष्कळ काही समजावून सांगतात, आणि लोक ऐकतातही. पण आमच्याकडं चैत्रात ढोलीचं तोंड लिंपलेलं दिसलं की अजून कुणीतरी जाऊन डहाळा बांधून येतं आणि घरी येऊन सांगतं, लेक आली.

माझ्या लग्नात अण्णांनी एवढी दारू उडवली की वऱ्हाडातले घोडे सुटून पळाले. पुढं पहिल्या खेपेला मी माहेरी आले तेव्हा मात्र त्यांनी बांधापर्यंत सगळीकडं निरोप धाडला, की कुणी टिकलीसुद्धा उडवायची नाही. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडून होते, बाळ कुशीत, खोलीच्या दाराला लिंबाचा डहाळा. दार जरासं उघडलं. फटीतून अण्णांचा अर्धा चेहरा दिसला आणि एक हात आत आला; हातात डिंकाचा लाडू होता. तो लाडू मी घेतला. आमच्या घरात ज्यांना कधी हळू बोलता आलं नाही, ते माझे वडील घशातून जराही आवाज न काढता, नुसत्या श्वासानं म्हणाले, “झोपली का गं पोर?”